दोन वर्षं पुढची शाळा

शाळेचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा साठतो तसे ते साठतात. शुक्रवारी, इकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आम्ही तीन घरं नाश्त्याला एकत्र येतो. कोणीतरी एक किस्सा काढतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि पोहे गार होतात. आता आम्ही हे सगळं हसत हसत सांगतो. पण ज्या दिवशी जे घडलं त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. त्या वर्षी आम्ही सहाही मोठी माणसं घाबरून जगत होतो, आणि घाबरायचं कारण होतं अल गराफामधली एक शाळा.

आधी माणसं सांगते. मी आणि हेमंत मूळचे नाशिकचे, राहतो इकडे आखातात, मदिनत खलीफात. हेमंत गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आमची सई तेव्हा नऊ वर्षांची. आमच्याच कंपाउंडमध्ये पुण्याचे प्रसाद आणि संध्या. त्यांचा ईशान सईच्याच वर्गात. आणि तिकडे उम्म सलाल मोहम्मदला लातूरचे ओंकार आणि ऋतुजा. ही दोघं आमच्यापेक्षा तरुण, ओंकार आयटीत, दर वर्षी काँट्रॅक्ट रिन्यू होईपर्यंत जीव मुठीत. त्यांचा वेदू या दोघांहून थोडा लहान. तिन्ही मुलं साध्या इंडियन शाळेत जात होती आणि त्यांचं बरं चाललं होतं.

तेवढ्यात ही शाळा उघडली. इथे मुलं वयापेक्षा दोन वर्षं पुढचा अभ्यास करतात, असं संध्याने कुठूनतरी ऐकून आणलं. झालं. त्या दिवसापासून आमची झोप उडाली. मुलीला तिथे घातलं आणि तिला झेपलं नाही तर? नाही घातलं आणि ती कायमची मागे राहिली तर? आणि उद्या कंपनीने खलास म्हटलं, गाशा गुंडाळून नाशिकला जावं लागलं, तर दोन वर्षं पुढे गेलेल्या पोरीला तिथे कुठल्या वर्गात बसवायचं? तिन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही तेच तेच एकमेकांना विचारत बसायचो.

•

पहिल्यांदा आम्ही शाळा बघायला गेलो ते सगळे मिळून. एकट्याने जायची कोणाचीच हिंमत नव्हती.

शाळा सुंदर होती. काचेच्या भिंती, उंच छत, लायब्ररीत पडदे लावलेली लोळायची जागा. अ‍ॅडमिशनच्या बाई लेबनॉनच्या होत्या, फार गोड बोलायच्या. त्यांनी आम्हाला एका लांबलचक कॉरिडॉरमधून नेलं. दोन्ही बाजूंना वर्ग भरलेले होते आणि आवाज म्हणून नव्हता. आमच्या चपला-बुटांचाच आवाज इतका यायला लागला की प्रसाद टाचा उचलून चालू लागला. ऋतुजा माझ्या कानाशी येऊन म्हणाली की तिला आयसीयूच्या बाहेर उभं असल्यासारखं वाटतंय.

समोरून एक मुलगी एकटीच येत होती. असेल आठ-नऊ वर्षांची. बाईंनी तिला थांबवलं. हे पाहुणे आहेत, यांना आपल्या शाळेबद्दल तुझ्या मनाने काहीतरी सांग, असं तिला इंग्रजीत सांगितलं.

मुलीने आमच्याकडे एकदा बघितलं, बाईंकडे एकदा बघितलं, आणि अगदी नम्रपणे विचारलं, “याचे मार्क आहेत का?”

बाई मोकळ्या मनाने हसल्या. आम्हीही हसलो. गाडीत बसून निघालो, तर गराफाचा सिग्नल लाल. सिग्नलला हेमंत म्हणाला, “प्रश्न बरोबर होता तिचा.”

•

तरी आम्ही तिन्ही घरांनी मुलांची नावं टेस्टसाठी दिली. का दिली, तर इतरांनी दिली म्हणून. प्रत्येक घराला वाटत होतं की बाकीची दोन घरं ठाम आहेत.

मग घरोघरी तयारी सुरू झाली. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं की तयारी करायची नाही, मुलाला आहे तसं पाठवा. त्यामुळे सगळ्यांनी गुपचूप केली. आमच्याकडे सई रात्रीच्या जेवणाआधी गणितं सोडवायची आणि बेल वाजली की मी वह्या सोफ्याच्या गादीखाली सारायचे. एकदा संध्या येऊन नेमकी त्याच गादीवर बसली. तिला काहीतरी टोचलं असणार, पण ती बोलली नाही. तिच्या घरीही तेच चाललं होतं हे मला नंतर कळलं.

ईशानचा अभ्यास प्रसाद घ्यायचा. प्रसाद बांधकामाच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आवाज मोठा, माणूस धिप्पाड. चाळीस मजली टॉवरचं काम अंगावर आलं तरी शांत राहणारा. एका संध्याकाळी संध्याचा फोन आला. प्रसादच्या छातीत दुखत होतं, हातांना मुंग्या आल्या होत्या, दरदरून घाम सुटला होता. हेमंतने गाडी काढली. मी ईशानला आमच्याकडे आणलं. पोरगा पांढराफटक पडला होता. त्याने मला एकदाच विचारलं की बाबा माझ्यामुळे आजारी पडले का. मी नाही म्हटलं, पण त्याला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं.

तिकडे इमर्जन्सीत ईसीजी झाला, रक्त घेतलं, सगळं केलं. संध्या भिंतीला टेकून उभी. हार्टचं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, भीतीचा झटका आहे, पॅनिक अटॅक म्हणतात तो. एक केरळी नर्स माहिती विचारत होती. दुखायला लागलं तेव्हा तुम्ही काय करत होतात? काही वजन उचलत होतात? जिना चढत होतात? कोणाशी भांडण झालं होतं?

एवढा मोठा प्रसाद, तोंडाला ऑक्सिजन लावलेला. त्याने मास्क बाजूला केला आणि बारीक आवाजात सांगितलं, “फ्रॅक्शन्स शिकवत होतो.”

नर्सने विचारलं, मुलगा कितवीत? प्रसादने सांगितलं. ती म्हणाली, “माझाही त्याच वर्गात आहे.” आणि तिने मास्क स्वतःच्या हाताने परत त्याच्या तोंडावर बसवला.

•

ओंकार आणि ऋतुजाच्या घरी वेगळीच तऱ्हा. ओंकारची आई लातूरला असते. दर शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल. आजी मराठीत विचारणार, वेदू इंग्रजीत उत्तर देणार, ओंकार मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करणार.

ओंकारने बरेच दिवस आईला शाळेबद्दल सांगितलंच नव्हतं. पण त्या शुक्रवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो आणि वेदूनेच सांगून टाकलं की तो टेस्ट देणार आहे आणि मग तो टू इयर्स अहेड होणार आहे. आजीने अर्थ विचारला. ओंकारने समजावलं की मुलं इथे भराभर शिकतात, दोन वर्षं पुढं जातात. त्याच्या सांगण्यात जरा अभिमानही होता.

आजी स्क्रीनच्या जवळ आली. तिला खरंच कळलं नव्हतं, टोमणा वगैरे काही नव्हता. ती म्हणाली, “दोन वर्षं पुढं जातंय म्हणलालास, मग त्याची मधली दोन वर्षं गेली कुठं?”

ऋतुजाच्या हातातली आमटीची पळी तशीच वर राहिली. ओंकारने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग फोनकडे पाहून, “आई, नेटवर्क जायलंय बघ,” असं म्हणाला आणि चांगला चालू असलेला कॉल बंद केला.

•

ऋतुजाची भीती त्या दिवसापासून वाढली. ती कोणाला न सांगता दुपारी शाळेसमोर जाऊन उभी राहायला लागली. शाळा सुटायची वेळ झाली की गाडी समोरच्या बाजूला लावायची आणि काचेतून बघत बसायची.

दोन-तीन वेळा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका दुपारी गेटवरच्या सिक्युरिटी गार्डने काचेवर टकटक केलं. तो नेपाळी होता, वयाने मोठा. त्याने हिंदीत विचारलं की मॅडम, तुमचं मूल कुठल्या वर्गात आहे. ऋतुजाने खरं सांगितलं की माझं मूल इथे नाही. तो म्हणाला, मग तुम्ही रोज इथे थांबून मुलांकडे का बघता? सुपरवायझरला कळवावं लागेल.

ऋतुजा सांगते की तिने तिथल्या तिथे हिशोब केला. परका देश, मुलांची शाळा, रोज गाडी लावून बसणारी अनोळखी बाई. पोलीस येणार, ओंकारच्या ऑफिसात फोन जाणार, काँट्रॅक्ट जाणार. तिला विमानतळावर आपल्या बॅगा दिसायला लागल्या. आणि खोटं काहीच सुचेना, म्हणून तिने रडत रडत खरं काय ते सांगून टाकलं. मुलाला इथे घालायचं की नाही कळत नाही, म्हणून बघायला येते की सुटल्यावर बाहेर पडणारी मुलं हसतात की नाही.

गार्डने चेहरा जराही बदलला नाही. त्याने मागे वळून गेटकडे पाहिलं. मुलं रांगेने बाहेर येत होती, पाठीवर दप्तरं, नजर खाली.

“मॅडम, आज सोमवार है,” तो म्हणाला. “गुरुवार को आइए. गुरुवार को हँसते हैं.”

ऋतुजा गुरुवारी गेली. मुलं हसत होती म्हणे.

•

फेब्रुवारीत टेस्ट झाली. निकाल लागला. ईशानला प्रवेश मिळाला, सईला मिळाला, वेदूला नाही.

ऋतुजाने बातमी वाचली आणि देवासमोर जाऊन हात जोडले. बरं झालं, सुटलो, असं तीनतीनदा म्हणाली. ओंकारनेही सोफ्यावर अंग टाकलं. आणि मग तीच देवासमोरून उठून आली आणि रागाने म्हणाली, “पण का नाही मिळाला?”

प्रसाद आणि संध्याने ईशानला घातलं. एप्रिलच्या टर्मला तो जायला लागला. पहिल्या दिवशी संध्या दुपारपासून दाराशी. पोरगं रडत येणार याची तिची खात्री होती. तिने शिरा करून ठेवला होता, हेमंतला फोन करून सांगून ठेवलं होतं की प्रसादच्या छातीत दुखलं तर गाडी तयार ठेव. मीही तिच्यासोबत बसले होते.

ईशान आला. बूट काढले, दप्तर ठेवलं, शिरा खायला बसला. संध्याने भीत भीत विचारलं की कसं होतं. तो खात खात म्हणाला, “आई, आज मला कोणीच थांब म्हणालं नाही.”

आधीच्या शाळेत तो सगळ्यात आधी गणित संपवायचा आणि बाकीच्यांचं होईपर्यंत हाताची घडी घालून बसायचा. रोज. आम्हाला कोणाला हे माहीत नव्हतं. संध्या स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. आनंदाने, असं ती सांगते. ईशान आजही तिथेच आहे आणि मजेत आहे. ती शाळा वाईट आहे असं मी कधी म्हणणार नाही. तसं असतं तर आमची भीती एका दिवसात गेली असती.

•

उरली सई. ईशान खूष आहे म्हटल्यावर आमचं अवघड झालं. आता नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सईला विचारलं तर ती म्हणायची, ओके. जायचं का? ओके. नको का? ओके. हेमंत आणि मी रोज बोलायचो आणि रोज रात्री एकाच निर्णयावर येऊन झोपायचो. फक्त तो निर्णय रोज वेगळा असायचा. पुढच्या टर्मसाठी उत्तर कळवायचा दिवस आला. त्या सकाळी हेमंत लवकर प्लांटवर गेला. मी एकटी घरात. डोळ्यांसमोर तो कॉरिडॉर यायला लागला. शेवटी मी शाळेला मेल केला की आम्हाला प्रवेश नको आहे, आणि खाली आभाराचं शुक्रन. पाठवला आणि मोकळी झाले. हेमंतला संध्याकाळी समजावू असं ठरवलं.

दुपारी शाळेचा मेल आला, आम्हा दोघांच्या नावाने. अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं की आज सकाळी आपल्या घरून आम्हाला दोन उत्तरं मिळाली आहेत, एक होकाराचं आणि एक नकाराचं. यातलं कुठलं आपलं समजावं?

हेमंतनेही पाठवला होता. तोही मला संध्याकाळी समजावणार होता. तो घरी आला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांची एवढी लाज आम्हाला कधी वाटली नव्हती. तो म्हणाला की आज प्लांटवर एक अलार्म वाजला तेव्हा त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं, भलतंच पॅनल बघत बसला, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

तेव्हा त्या लेबनॉनच्या बाईंनीच तोड काढली. मुलीला एक दिवस पाठवा, म्हणाल्या. पूर्ण दिवस वर्गात बसू दे. तिचं तिला कळेल, इन्शाल्ला.

•

तो दिवस मे महिन्याच्या शेवटी होता. बाहेर पाऊल टाकलं की तोंडावर भाजणारी हवा. सकाळी सईला सोडलं तेव्हा तिने हात हलवला आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. मला ते चांगलं वाटलं.

दुपारी आम्ही दोघंही घ्यायला गेलो. हेमंतने हाफ डे टाकला होता. मुलं बाहेर आली. ईशान आला. त्याच्या मागून त्याचा वर्ग आला. सई आली नाही. ईशानला विचारलं, तर तो म्हणाला की शेवटच्या तासाला ती वॉशरूमला जाते म्हणून गेली होती, दप्तर तिचं बेंचवरच आहे.

मी आत गेले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुम्ही तिला लवकर नेलंत. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडून कोणी नेलेलं नाही. मी वॉशरूममध्ये गेले, एकेक दार ढकललं. सगळी रिकामी. सगळ्या नळांना सेन्सर होते, मी पुढून गेले की पाणी यायचं, थांबायचं.

परत येईपर्यंत गेट बंद केलं होतं. कोणालाच बाहेर सोडत नव्हते. पालक गाड्यांशी उभे, आणि माझ्याकडे बघत होते. आपल्या मुलाचा हात धरलेला माणूस दुसऱ्याचं मूल हरवलं की कसा बघतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. गार्डच्या वॉकीटॉकीवर सईचं नाव चुकीचं उच्चारलं जात होतं. हेमंत बसेसकडे धावला. इथे राहणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या मनात एक भीती असते, बंद बसमध्ये विसरलेलं मूल आणि ऊन. आम्ही ती तोंडाने बोलत नाही. त्याने प्रत्येक बसमध्ये चढून प्रत्येक सीटखाली वाकून बघितलं. मग कोणीतरी म्हणालं की पूल बघितला का. शाळेला पोहायचा तलाव आहे हे तेव्हा मला कळलं. हेमंत तिकडे पळाला. मी कॉरिडॉरमध्ये भिंत धरून उभी राहिले आणि तो ओरडेल का ते ऐकत राहिले.

तो ओरडला नाही. तो परत आला, कोरडा, आणि त्याने नुसती मान हलवली. नाही.

तेवढ्यात अ‍ॅडमिशनच्या बाई पळत आल्या, सँडल हातात घेऊन. “यल्ला, यल्ला,” चला चला, एवढंच म्हणत त्यांनी माझा दंड धरला आणि मला केजीच्या बाजूला नेलं.

ज्या छोट्यांचे आईवडील उशिरा येतात, त्यांना तिथे एका खोलीत बसवून ठेवतात. दिवे मंद केले होते. गालिच्यावर पाच-सहा चिमुरडी गोल करून बसली होती आणि मधोमध एक तरुण शिक्षिका. प्रत्येकाच्या हातात क्लेचा गोळा. आणि त्या गोलात, गुडघे पोटाशी घेऊन, अंग चोरून, जितकं लहान होता येईल तितकं लहान होऊन, आमची सई बसली होती. तिच्या हातातही क्लेचा गोळा होता.

शिक्षिका घाबरून उठली. ती नवीन होती, बिचारीचा काही दोष नव्हता. ती म्हणाली, मुलगी आपणहून आली आणि बसली. उंच वाटली म्हणून मी तिला वय विचारलं. ती म्हणाली, फोर. मला वाटलं गंमत करतेय, पण ती हसली नाही. मग मी तिला क्ले दिला.

हेमंत दारातच खाली बसला. मी चपला काढल्या आणि गालिच्यावर गेले. सईने माझ्याकडे पाहिलं, बाजूला सरकून माझ्यापुरती जागा केली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

“आई, बस ना इथे,” ती म्हणाली. “कोणी विचारलं तर तू पण फोर सांग.”